रंगरावांचं सुईणपण

कोमट पाण्याच्या घमेल्यात कोंबडीला बसवून रिटायर हवालदार रंगराव तिला दोन्ही हातांनी धरून होते. दोन दिवस तिचं अंडं अडकलं होतं. आज तर तिनं मानच टाकली होती. गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तसं ते तिच्या बुडाला खोबरेल चोळत होते.

“जोर लाव, बाई. मी हाय न्हवं,” ते पुटपुटले.

न्हाणीच्या दारात उभी असलेली त्यांची बायको हौसाबाई फिसकन हसली. “माझ्या तिन्ही बाळंतपणांना तुम्ही बंदोबस्तावर. थोरलीच्या वेळी तर कुस्त्यांच्या फडावर!”

तेवढ्यात कोंबडी थरथरली, जिवाच्या आकांतानं ओरडली आणि रक्ताची रेघ असलेलं अंडं त्यांच्या तळहातावर आलं. हळूहळू तिनं मान उचलली.

रंगरावांनी अंड्यावरची रक्ताची रेघ अंगठ्यानं हळूच पुसली. मग खालच्या मानेनं म्हणाले, “लई दुखतं का गं?”

हौसाबाईनं कोंबडीला टॉवेलात गुंडाळून पोटाशी घेतलं.

“चाळीस वर्षांनी पंचनामा करताय?” म्हणत तिनं टॉवेल जरा घट्ट केला. “हिलाच विचारा. हिची जबानी ताजी हाय.”