रिकामी बाटली

दोन्ही रेषा आजही एकमेकींवर चढल्या. आफशीनने स्क्रीनवर बोट दाबून पाहिलं, जणू दाबल्यावर त्या वेगळ्या होणार होत्या. झाल्या नाहीत. एक रेषा तिच्या स्वतःच्या घामाची, दुसरी वर्षाराणीच्या. आफशीनचा रोजा, पहाटेपासून घशाखाली थेंब नाही. वर्षाराणी बाटली घेऊन बसणारी. तरी दुपार कलली की दोघींचा घाम सारखाच आटायचा. असं होणं शक्यच नव्हतं.

म्हणजे बँड खोटं बोलत होता.

दोघींच्या मनगटावरचा हा बँड म्हणजे आफशीनची चार वर्षं. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी होऊ लागलं, की चक्कर यायच्या आधी त्याला सावध करायचं, एवढंच बँडने करायचं होतं. अडत होतं थेंबापाशी. थेंब जितका लहान तितका चिवट, कातडीला चिकटला की हलत नाही. त्यावर तोड दिली उसावरच्या तुडतुड्याने. हा किडा दिवसभर रस पितो आणि नको असलेलं पाणी मागच्या बारीक काडीने टिचकी मारल्यासारखं उडवून देतो. बँडमध्ये तशीच काडी बसवली होती. किती थेंब उडाले ते बँड मोजायचा आणि स्क्रीनवर रेषा उमटायची. घाम आटला की रेषा खाली.

तुडतुडे वर्षाराणीच्या ताब्यात. ती कागलची, किड्यांची अभ्यासक. खोलीच्या कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात तिने उसाच्या कुंड्या ठेवल्या होत्या. ऊस असा माजला होता, की थेट कारखान्याला घालावा.

रमजान लागला तेव्हा आफशीनच म्हणाली होती, "आयता प्रयोग हाय गं. एकच खोली, एकच उकाडा. एक कोरडी, एक पाणी पिणारी." पत्र्याखालची खोली, मार्चचं ऊन, पंखा मुद्दाम बंद. नुसतं बसलं तरी घाम निथळायचा. दुपारनंतर वर्षाराणीची बडबडसुद्धा मंदावायची. उकाड्याने, असं आफशीनला वाटायचं.

आज प्रयोगशाळेचे प्रमुख धैर्यशील सर दारातूनच बोलले. "संध्याकाळी निधी देणाऱ्या समितीला कळवायचंय मला. तहानलेला कोण आणि प्यायलेला कोण, हे ज्याला कळत नाही तो बँड काय कामाचा? मनाला लावून घेऊ नकोस, आफशीन. पण आता थांबवू."

सर गेले. आफशीनला बसवेना. उठली, बँड उघडला, काडी पुसली, पुन्हा मनगटावर चढवला. रेषा ढिम्म. चार वर्षं अशी एका दुपारी कुणी थांबवतं का? मग ती वर्षाराणीवर घसरली.

"वर्षे, पाणी प्यालीस न्हवं?"

"प्यालो की! ही बघ, अर्धी बाटली संपवली." वर्षाराणी अस्सल कोल्हापुरी. स्वतःबद्दल 'आले, गेले' म्हणणं तिला जन्मात जमलं नव्हतं. बाटली खरंच अर्धी झाली होती. संध्याकाळपर्यंत ती रोज रिकामी व्हायची.

दुसरी काडी आणायला आफशीन तरातरा जिना उतरली. अर्ध्यावर आठवलं, कपाटाची किल्ली वरच राहिली. स्वतःवरच चरफडत ती परत फिरली.

दार अर्धं उघडं होतं. वर्षाराणी पाठमोरी उभी होती. उरलेली अर्धी बाटली ती उसाच्या कुंडीत ओतत होती. सावकाश, आवाज होऊ न देता.

"हे काय गं?"

वर्षाराणी दचकली. बाटली पाठीमागे लपवत ती वळली. तिच्या ओठांच्या साली निघाल्या होत्या. इतके दिवस आफशीनने बँड पाहिला होता, स्क्रीन पाहिली होती. हे ओठ पाहिले नव्हते.

"पयल्या रोज्याला तुझ्यासमोर बाटली तोंडाला लावली," वर्षाराणी म्हणाली, "आणि तू खिडकीकडं तोंड फिरवलंस. त्या दिवसापासनं घोट उतरंना बघ. हरताळकेला आई निर्जळी असली की आमच्या घरात तिच्यासमोर कुणी पाणी पीत न्हाय."

"मग भाईर जाऊन प्यायचं!"

"चोरून? तसलं न्हाय जमत. घरनं तांब्याभर पिऊन येतो की सकाळी. म्हटलं, बँडला तेवढं बास."

आफशीनला संताप आला. इतका, की डोळे भरले, आणि ते भरले म्हणून आणखी संताप आला. वर्षाराणीला एक ठेवून द्यावी की मिठी मारावी, तिला कळेना. तिने बाटली हिसकावली, बाहेरच्या माठातून काठोकाठ भरून आणली.

"पी."

वर्षाराणीने भिंतीकडे तोंड केलं.

"तिकडं न्हाय. माझ्याकडं बघून पी."

वर्षाराणी प्यायली. आधी घोट-घोट, मग घटाघटा, हनुवटीवरून ओघळ गळ्यात जाईपर्यंत. आफशीनच्या स्वतःच्या घशाला कोरड पडली होती. पण या खेपेला तिने तोंड फिरवलं नाही.

तहानलेलं माणूस पाणी प्यालं की त्याला लगेच घाम फुटतो. वर्षाराणीचं कपाळ डवरलं. तिच्या मनगटावरची काडी टिचक्या मारू लागली. स्क्रीनवर एक रेषा हलली, वर सरकली, आणि खालच्या रेषेपासून लांब लांब जात राहिली.

सर फोन हातात घेऊनच आले. समितीचा नंबर लावायचा तेवढा बाकी होता. स्क्रीन पाहून ते दारातच थबकले.

"अगं, काय दुरुस्त केलंस?"

"कायबी न्हाय, सर," आफशीन म्हणाली. "वर्षाराणीचा रोजा सोडवला."