दहातली सहा

हवानाच्या सांख्यिकी कार्यालयात नेरेइदाने तीस वर्षं घटस्फोटांचे आकडे मांडले होते. मुलाने, ओस्मेलने, युसिमीला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा तिने त्या पोरीच्या तोंडावरच हिशेब ऐकवला. "मुलगी एकोणीस वर्षांची, आईबाप वेगळे झालेले, ओळख चार महिन्यांची. अशी दहातली सहा लग्नं मोडतात, बाई!"

तरी लग्न झालं. त्याला अकरा वर्षं झाली. यंदा फेब्रुवारीत नेरेइदा पडली, कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून युसिमी रोज सकाळी तिच्याकडे येऊन तिला अंघोळ घालायची, काळ्या घेवड्याचं सार भरवायची. आज पाठीला साबण लागत असताना नेरेइदाला राहवलं नाही.

"पोरी, माझे आकडे चुकले गं. तुमचा संसार टिकला."

युसिमीचा हात थांबला.

"नाही चुकले, आई. मार्चमध्येच आमचा घटस्फोट झाला. ओस्मेल म्हणाला, तुम्हाला इतक्यात सांगायचं नाही."

ऑक्टोबर चालू होता. नेरेइदाने बोटांवर महिने मोजले, सात भरले.

"मग तू कशाला येतेस?"

"हात वर करा बघू, काखेत साबण राहिलाय."

नेरेइदाने मुकाट्याने हात वर केला. मान मात्र तिला वर करता आली नाही.