हात चुकेल त्या दिवशी

किण्ण! खिळ्यावरून किल्ली निघाली आणि सकाळच्या घरातली शांतता मोडली. सुनेच्या हातातला चहाचा कप ओठांशीच थांबला. खडी वाहायच्या टिपरची किल्ली बोटात फिरवत सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"हौदा उचलायचाय. आधी काय?"

रोजचीच उलटतपासणी होती. तिनं कप खाली न ठेवताच धडाधडा सांगितलं, "हँडब्रेक. न्यूट्रल. क्लच पुरता दाबायचा, मग पीटीओची कळ. लाल दिवा लागला की क्लच हळूच सोडायचा. आता इंजिनाची ताकद पंपाला मिळाली. पंपाची बारीक शिट्टी सुरू झाली की लिव्हर ओढायचा. तेल जॅकमध्ये शिरतं, हौदा उठतो."

"आणि खडी पडल्यावर?"

"हौदा पुरता बसू द्यायचा. क्लच दाबून पीटीओ काढायचा. दिवा विझला, शिट्टी थांबली, की मगच गाडी हलवायची. विसरलं, त्यात लिव्हर जरासा जरी ओढलेला राहिला, तर चालत्या गाडीवर हौदा आपला आपण डोकं वर काढतो. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही."

"पाठांतर झकास," सासरे म्हणाले. "चला."

चला म्हणजे तिनं हिरवी-लाल झेंडी घेऊन मागं उभं राहायचं आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत हात हलवायचा. जड वाहनाचा परवाना हातात पडून आठ महिने झाले होते. सासऱ्यांनी मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "माझा हात चुकेल त्या दिवशी गाडी हिची. तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही." म्हातारा शब्दाचा पक्का. आणि तीस वर्षांत हात एकदाही चुकलेला नव्हता.

"ह्यांचा हात चुकायची वाट बघता बघता हिचे केस पिकतील," असं सासूबाई येता-जाता म्हणायच्या. नवरा हसायचा. तीही हसायची, आणि मग मोरीत भांडी घासताना डाव्या पायानं फरशी दाबून क्लचचा सराव करायची.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून सहा वर्षांची लेकही आजोबांशेजारी केबिनमध्ये चढून बसली. नव्या रस्त्याच्या कामावर खडीची पहिली खेप पोचली. तिनं झेंडी दाखवली. गाडी मागं आली, थांबली. शिट्टी सुरू झाली, हौदा उठला, खडी धाडधाड कोसळली, धुरळा उडाला. हौदा खाली येऊन धप्पकन बसला. सगळं कसं घड्याळाच्या काट्यावर.

गाडी फाटकाकडे निघाली. एरवी सासरे रिकामी गाडी वाऱ्यासारखी काढायचे. आज ती गोगलगायीसारखी सरकत होती.

तिनं झेंडी गुंडाळली आणि एकदम कान टवकारले.

शिट्टी थांबलेली नव्हती.

इंजिनाच्या घरघरीखाली ती बारीक, चिवट शिट्टी चालूच होती. तिनं वर पाहिलं. हौद्याचा पुढचा काठ केबिनपासून वीतभर सुटला होता. बघता बघता हातभर झाला. आणि समोर फाटकावर आडवी लोखंडी तुळई होती.

तिनं झेंडी फेकली आणि पदर खोचून धूम ठोकली. चप्पल एकीकडे, ती दुसरीकडे. पोर आत होती! "बाबा! पीटीओ! पीटीओ काढा! थांबा!" दोन्ही हात पसरून ती गाडीच्या पुढ्यात गेली, आणि तिच्या तोंडातलं 'थांबा' पुरतं व्हायच्या आत गाडी थांबली. तुळई अजून चांगली चार हात लांब होती.

कामावरची माणसं धावत आली. मुकादमानं वर उठलेल्या हौद्याकडे बघून तोंडावर हात ठेवला. "काय हो उस्ताद! तुम्ही? शिकाऊ पोरासारखं?"

सासऱ्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कपाळाला ना आठी, ना घाम.

"झाली चूक," ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "बघितलीत ना सगळ्यांनी? हात चुकला." मग दार उघडून पलीकडे सरकले. "ये गं. बस."

तिला क्षणभर कळेचना. मग तिनं अनवाणी पाय पायरीवर टाकला आणि वर चढली. लिव्हर खाली. हौदा हळूहळू उतरला, बसला. क्लच. पीटीओची कळ. लाल दिवा विझला, शिट्टी बंद झाली, आणि तिच्या छातीत मात्र ढोल वाजायला लागला. पहिला गिअर. एवढं मोठं धूड तिच्या पायाच्या इशाऱ्यावर हललं. फाटकातून बाहेर पडताना मुकादमानं टाळ्या वाजवल्या. ती आरशात बघून गालातल्या गालात हसली. तीस वर्षांचा हात चुकला, पण आपला कान चुकला नाही! आज घरी गेल्यावर सासूबाईंना सगळं तिखटमीठ लावून सांगायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं.

वजनकाट्यापाशी सासरे पावती आणायला उतरले. पाठीमागं हात बांधून, शीळ घालत, आरामात चालले होते. गाडी घासता घासता वाचलेल्या माणसाची ती चाल नव्हती.

लेक तिच्याजवळ सरकली आणि कानाशी लागली.

"आई, गाडी निघायच्या आधीच आजोबा मला म्हणाले, घट्ट धरून बस, आता तुझी आई ओरडत पळत येईल. त्यांना आधीच कसं गं कळलं?"