माघारीचा अर्ज

कॉफीच्या भांड्याचं झाकण खडखडलं आणि घरातली शांतता मोडली. सोलेनने गॅस बंद केला. पंधरा वर्षं मध्यममार्गी पक्षाची खासदार असलेली ती रविवारी फ्रेंच संसदेच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत तिसरी आली होती; दुसऱ्या फेरीत तिघेही उभे राहू शकत होते. आज संध्याकाळी सहापर्यंत माघारीचा अर्ज द्यायचा, नाहीतर दुसऱ्या फेरीत हरण्यासाठीच उभं राहायचं. फोन वाजला तो डाव्यांच्या गास्पारचा. "बाईसाहेब, जन्मभर तळ्यात-मळ्यात खेळलात. आता माघार घ्या आणि आम्हाला पाठिंबा द्या!" फोन ठेवते तोच उजव्यांच्या क्लोटिल्डचा आला, तिच्या शाळूसोबतिणीचा. "अगं, त्या लालभाईंच्या पदरात मतं टाकू नकोस हं! कुंपणावर बसून पाय नाही का गं दुखत तुझे?" सोलेन हसली. "सवय झालीय," म्हणाली. मग अर्ज पुढ्यात ओढून तिने सही केली. टेबलाखालून सगळं ऐकणारी लेक बाहेर आली. "आई, आपली माणसं कधी फोन करणार गं?"