दहा माणसांचं स्टेशन

गतिरोधक आला की टेम्पोवाल्याने आधी हॉर्न वाजवायचा, असं ठरलं होतं. हॉर्न ऐकला की मागे बसलेल्या जावयाने स्टेशन दोन्ही हातांनी उचलून धरायचं आणि चाकं उतरली की हळूच टेकवायचं. आतापर्यंत सात गतिरोधक झाले होते. त्याचे दंड भरून आले होते.

स्टेशन सव्वा मीटर लांबीचं होतं. लाकडी चौकटीत बसवलेले रूळ, फलाट, जिना, पाण्याची टाकी, चौदा दिवे आणि नखाएवढी दहा माणसं. सासऱ्यांनी दोन वर्षं खपून ते केलं होतं. आज प्रदर्शनात वीस जणांचे असे वीस तुकडे टोकाला टोक लावून जोडायचे होते आणि सगळ्यांवरून एकच छोटी गाडी धावणार होती. एकाचा रूळ केसभर सरकला तरी सगळ्यांचाच खोळंबा.

सासरे पुढे टेम्पोवाल्याशेजारी बसले होते. निघताना बायकोने जावयाला जिन्यात गाठून दम भरला होता.

"बाबांना आता दुसरं काही उरलेलं नाही. याला काही झालं तर ते हाय खातील, सांगून ठेवते."

"अगं, मी धरून बसतोय ना."

"तुझा धांदरटपणा मला ठाऊक आहे, म्हणूनच सांगतेय."

तिचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी याच स्टेशनात, म्हणजे खऱ्या स्टेशनात, गाडीखाली गेला होता. गर्दीत जिन्यापाशी पाय घसरला, असं सगळे म्हणाले. जावई त्या दिवशी कामासाठी परगावी होता, त्याला बातमी फोनवरच कळली. पंधरा दिवसांनी सासऱ्यांनी मागच्या खोलीत करवत चालवायला घेतली. त्या खोलीत जावई कधी पाऊल टाकत नसे. त्याला ते सोसत नाही, असं घरात सगळे समजून होते.

"तुम्ही कधी उतरलाय का हो तिथे?" सकाळी स्टेशन टेम्पोत चढवताना सासऱ्यांनी विचारलं होतं.

"नाही बाबा. कधी कामच पडलं नाही."

"मग आज सावकाश बघून घ्या, जावईबापू. जे जिथे होतं ते तिथेच आहे. टेप लावून मोजलंय मी."

त्याने बघितलं नव्हतं. सगळा रस्ता तो ताडपत्रीच्या भोकातून बाहेर बघत बसला.

आठव्या गतिरोधकाला हॉर्न वाजलाच नाही.

स्टेशन वीतभर उडालं आणि आपटलं. शेजारची हत्यारांची पेटी उलटून पेचकस, तारांची भेंडोळी, डब्या, काडेपेट्या असं सगळं इकडेतिकडे सांडलं.

"काय झालं हो?" पुढून सासऱ्यांचा आवाज आला.

"काही नाही बाबा! हत्यारं सांडली फक्त."

त्याने घाबरत घाबरत खाली पाहिलं. रूळ शाबूत होते, दिवे शाबूत होते. फलाटावर मात्र एकही माणूस नव्हता. सगळी टेम्पोच्या फळ्यांवर उताणी, पालथी पडली होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो गुडघ्यांवर रांगत एकेकाला वेचून खिशात टाकू लागला.

पाच मिनिटांत टेम्पो सभागृहापाशी थांबला.

"मी शेजारच्या तुकड्याच्या रुळाची उंची मोजून येतो," सासरे बाहेरून म्हणाले. "तोवर उतरवू नका. दहा मिनिटं लागतील."

दहा मिनिटं! त्याने मोबाइलचा दिवा दातात धरला, सासऱ्यांचाच चिमटा घेतला, गोंदाची नळी उघडली. पहिली बाई दोनदा रुळांवर पडली. नशीब एवढंच, की माणूस निघाला तिथे फलाटावर वाळल्या गोंदाचा डाग राहिला होता. डाग शोधायचा, माणूस टेकवायचा. हमाल, बाकावरचे नवरा-बायको, पेपरवाला, झाडूवाली. घाम डोळ्यांत उतरत होता.

शेवटी एकच उरला. निळा शर्ट, खांद्याला पिशवी. मेव्हणाच तो, ओळखायला वेळ लागला नाही. त्याच्या तळव्यांना गोंद नव्हता. फलाटावरही कुठे डाग उरला नव्हता.

सासऱ्यांची पावलं जवळ आली. जावयाने गोंदाचा थेंब लावला आणि मेव्हण्याला फलाटाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीमागे, रुळांकडे तोंड करून उभा केला. श्वास रोखून वाट पाहिली. चिकटला. त्याचा जीव भांड्यात पडला.

सासरे वर चढले, भिंग काढून वाकले.

"शाबास, जावईबापू. रूळ केसभर हलला नाही. उगाच घाबरत होती पोरगी."

"मग काय बाबा."

सासरे ओठांतल्या ओठांत मोजू लागले. टोकाला पोचले आणि थांबले.

"अकरा," ते म्हणाले. "मी दहाच लावली होती. हा हत्यारांच्या पेटीत होता, काडेपेटीत. याला उभा करायला माझा हात धजला नाही."

"सगळी सांडली होती, बाबा. तुम्हाला त्रास नको म्हणून बोललो नाही. हा उरला, तर लावला कुठेतरी."

"जिन्यापाशी नाही लावलात."

जावयाने गोंदाच्या नळीचं टोपण लावलं.

सासऱ्यांनी भिंग मिटून खिशात ठेवलं.

"टाकीमागे त्याची एक चप्पल सापडली होती. पोलिसांनी ते फक्त मला सांगितलं, आणि मी आजपर्यंत कुणालाच नाही."