साहेबांची तुळस

“हा डाग कालपर्यंत नव्हता,” वामनराव म्हणाले. तुळशीच्या ओट्यासमोर ते उकिडवे बसले होते. हातात भिंग, आणि डोळ्यांत असं पाणी की सख्खा भाऊ खाटेला खिळला असता तरी आलं नसतं.

डाग पडला होता आफ्रिकन व्हायोलेटच्या पानावर. वीतभर कुंडीतलं, लवेदार गोल पानांचं हे झाड जंगलखात्यातल्या साहेबांच्या बाईंनी मुंबईहून आणलेलं. हिवाळ्यात बाई माहेरी निघाल्या आणि कुंडी ऑफिसातल्या बड्या बाबूंच्या, म्हणजे वामनरावांच्या, हवाली करून गेल्या. त्याच सुमारास झरीला एक बाबू पाठवायचा अशी कुणकुण ऑफिसात होती. झरी वणीच्याही पलीकडे, चहूकडे जंगल, एस.टी. आली तर आली. यवतमाळात जन्म काढलेल्या वामनरावांना झरीचं नाव ऐकूनच हुडहुडी भरे. कुंडी जगली तर बाई खूश, बाई खूश तर साहेब खूश, मग झरीला दुसरा कोणी मरेना का.

आता साहेबांच्या घरचं झाड भुईवर कसं ठेवणार? वामनरावांनी ते थेट वृंदावनावर, तुळशीच्या मांडीला मांडी लावून बसवलं. बायकोला हुकूम सुटला. रोज आंघोळ झाली की तुळशीसारखंच यालाही वरून तांब्याभर पाणी घालायचं, हळदकुंकू वाहायचं. कुंदाबाईंनी मान डोलावली. पौषातली थंडी, रात्रभर अंगणात निवलेलं घागरीचं पाणी, वरून दिवसभराचं ऊन. पानांवर पांढुरकी वर्तुळं उमटली, कडा पिवळ्या पडल्या, आणि मधला गाभा मऊ पडायला लागला.

मग गावचे वैद्य जमले. शेजारचे पेन्शनर मास्तर नानाजी यांनी पान बोटांत चोळून पाहिलं, म्हणजे तेवढं पान गेलंच, आणि “हा करपा” असं सांगून गोमूत्र शिंपडायला लावलं. तांड्यावरून दूध घेऊन येणारा गुलाबसिंग म्हणाला, “बाबूजी, नजर लागली. साहेबाचं झाड, येताजाता लोक पाहून राह्यले ना.” लगेच मीठमिरच्या ओवाळून झाल्या. वामनरावांनी स्वतः डोकं लढवून उरल्या पानांना खोबरेल चोळलं. झाडानं मान टाकली. वामनरावांना रात्री झरीची एस.टी. दिसू लागली.

तेवढ्यात कुंदाबाईंना मागच्या पडवीत बाजूला बसायची वेळ आली. पडवीतून अंगण समोरच. वामनराव दचकले. तुळस आपली घरची, ती सांभाळून घेईल. पण साहेबांच्या झाडावर विटाळशीची सावली? त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि आत, बैठकीतल्या उत्तरेच्या खिडकीत नेऊन ठेवली. तिथं ऊन येत नसे. पाणी घालायचं कोणी? कुंदाबाईंनी शिवायचं नाही, आणि वामनरावांनी लग्न झाल्यापासून तांब्या फक्त तोंडाला लावण्यापुरता उचलला होता. आठ-दहा दिवसांनी आठवण झाली की बंबातलं उरलेलं कोमट पाणी ते कुंडीखालच्या बशीत ओतत. वरून घालायला खिडकीशी उभं कोण राहील?

झाड सुधरलं. पानं ताठ झाली, नवा डाग पडेना. वामनरावांनी मग बायकोला कुंडीकडे फिरकूच दिलं नाही. महिन्याभरात जांभळी फुलं आली. ऑफिसात वामनराव सांगू लागले, “पानाची नाडी पाहावी लागते. औषध आहे, पण ते सगळ्यांले सांगाचं नसते.” नानाजी मात्र वामनराव गोमूत्राचं नाव घेत नाहीत म्हणून रुसून बसले.

बाई परत आल्या. वामनराव नवी टोपी घालून कुंडी बंगल्यावर घेऊन गेले. फुलं पाहून बाईंना आनंद झाला.

“माझ्या हातून असली दोन झाडं गेली,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी साहेबांना हाक मारली. “अहो, बघा तरी. यांच्या हाताला गुण आहे.”

साहेबांनी कुंडी फिरवून पाहिली. “आमच्या झरीच्या रोपवाटिकेत सागाची रोपं पिवळी पडतायत. तिथं नुसता बाबू काय कामाचा, असाच माणूस हवा. वामनराव, सोमवारी निघा.”

वामनरावांनी नवी टोपी काढून हातात घेतली. “साहेब, मी काहीच केलं नाही. देवाशपथ.”

“आणि वर विनयही आहे,” साहेब बाईंना म्हणाले. मग हसून वामनरावांकडे वळले. “बरं, तुम्ही नाही केलं तर कशानं सुधारलं? ते सांगा.”

वामनरावांनी तोंड उघडलं. समोर साहेब, बाजूला बाई. घरात कोण कधी बाजूला बसलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांनी नमस्कार केला आणि ते निघाले.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. कुंदाबाई तांदूळ निवडत होत्या.

“मंग खरं सांगाचं होतं साहेबाले,” त्या म्हणाल्या. “डोक्यावर गार पाणी पडनं बंद झालं, उनातून हटलं, म्हून वाचलं ते.”

“पाण्याउन्हानं काही होत नाही,” वामनराव भडकले. “तुही सावलीच जड. तू रोज त्याच्यापाशी उभी राहे, म्हून ते सुकलं. तू हटली अन् झाड सुधरलं. हे सांगू काय साहेबाले?”

कुंदाबाईंनी सुपातला शेवटचा खडा टिपून फेकला. सूप बाजूला ठेवून उठल्या, फळीवरची ट्रंक खाली काढली आणि कपडे घड्या घालून भरू लागल्या. वामनरावांना जरा धीर आला. परक्या मुलखात निदान वेळेवर गरम जेवण तरी मिळेल.

“माही धोतरं वरच ठेव,” ते म्हणाले.

“ही ट्रंक माही आहे, मी पुसदले चालली माहेरी,” कुंदाबाई म्हणाल्या. “झरीची हवा अगोदरच खराब. त्याच्यात माही सावली कायले पाहिजे तुमच्यावर?”