सहा फुटी गडगा

वळू गाडीत चढेना. कत्तलखान्याची गाडी मलाकीच्या अंगणात मागची फळी टाकून उभी होती. फळीची कड जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. बुटक्या, टनभर वजनाच्या वळूने पुढचा पाय उचलून फळीवर ठेवला, थोडा विचार केला आणि परत खाली घेतला.

"हाच का तो?" डोनल ड्रायव्हरने विचारलं. "गडग्यावरून उड्या मारणारा?"

"हाच," फिंटन म्हणाला.

डोनलने वळूकडे पाहिलं, मग शेजारच्या, दगड रचून केलेल्या गडग्याकडे. गडगा सहा फूट होता.  गिऱ्हाइकाशी वाद घालून पोट भरत नाही.

मलाकी आणि त्याचा शेजारी फिंटन यांचं भांडण नऊ वर्षांचं होतं. फिंटन दुधाचा शेतकरी. दर मे महिन्यात तो डॉक्टर बोलावून कालवडींना काळ्या-बांड्या जातीचं बीज भरवायचा, पुन्हा दुधाच्या गाई व्हाव्यात म्हणून. आणि दर फेब्रुवारीत त्यातल्या तीन-चार कालवडींना पांढऱ्या तोंडाची वासरं व्हायची. तसल्या तोंडाचा वळू आसपास एकच, शेजारच्या मलाकीचा. पांढऱ्या तोंडाचं वासरू दुधाला कुचकामी. दोन वर्षं पोसायचं आणि मांसाला द्यायचं.

पहिल्या वर्षी फिंटनने मलाकीला शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षी बोलणं टाकलं. तिसऱ्या वर्षापासून दोघांच्या मधला गडगा वाढवायला घेतला, दरसाल एक थर. गडगा चढत गेला, वासरं होत राहिली. माझा वळू तुझ्याकडे येत नाही, असं मलाकीने एकदाही म्हटलं नाही. शिव्याही मान खाली घालून ऐकून घेतल्या होत्या. फिंटनच्या मते हाच मोठा पुरावा होता.

वासरांचं सगळं फिंटनची बहीण नोरीन बघायची. गाईंचे गोऱ्हे, ही पांढरी तोंडं, झालंच तर कालवडी, सगळी तिच्या हातावर वाढलेली. आईपासून तोडलेल्या वासराला बादलीतून पिणं कळत नाही. नोरीन दुधात बोटं बुडवून त्याच्या तोंडात द्यायची आणि चोखता चोखता त्याचं तोंड अलगद बादलीत न्यायची. पंचवीस वर्षं हेच. ती बादली घेऊन कुरणात दिसली, की चांगली दांडगी जनावरंही रांगेने मागे लागायची. "मांसाला जायच्या जनावराला लळा कसला लावतेस?" फिंटन म्हणायचा. तिने लग्न केलं नव्हतं. मी गेले तर वासरांना कोण पाजणार, म्हणायची. फिंटनलाही ते पटलेलं होतं.

यंदा कालवडींच्या अकरापैकी सात वासरं पांढऱ्या तोंडाची झाली. फिंटनने डोनलकरवी निरोप धाडला, वळू गुरुवारच्या गाडीत घाल, नाहीतर कोर्टात भेटू. अकरा वर्षांपूर्वी मलाकीने त्या वळूला बाटलीने दूध पाजून वाचवलं होतं. तरी तो "बरं" म्हणाला.

"मागून ढकला," आता फिंटन म्हणाला.

दोघांनी ढकललं. वळू हलला नाही. मलाकी त्याच्या मानेवर हात ठेवून उभा होता आणि रडत होता. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण त्याने ते लपवलंही नाही.

तेवढ्यात नोरीन आली. वासरांना पाजता पाजता तशीच निघाली होती, बादली हातातच. गडग्याच्या खालच्या टोकाला झुडपांआड एक जुनं फाटक होतं. तिने न बघता दोर सोडला आणि सरळ अंगणात आली. मलाकीचा कुत्रा भुंकला नाही, शेपटी हलवून पुढे गेला. नोरीनच्या मागोमाग यंदाच्या कालवडी आल्या. दोन, पाच, नऊ. एकीने पुढे होऊन वळूचा कान चाटला.

डोनलने कोणी न सांगता फळी वर घेतली.

"वळू कुठे जाणार नाही," नोरीन म्हणाली. "तो गेला तर मीही जाईन, फिंटन. याच फाटकातून, कायमची."

फिंटन कालवडी मोजत राहिला. सकाळ-संध्याकाळ पंचवीस वासरं एकट्याने पाजायची, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"मी रविवारी मॅचला गेलो, की येतेस होय?" त्याने विचारलं.

"रोज येते. तू धारा काढायला बसलास, की. रविवारी बादली असते, केक झाकून आणायला. कोणी रस्त्यावरून पाहिलं, तर वासरांना पाजायला निघालेय असं वाटावं म्हणून."

"मग यंदा सात कशी?"

"गेल्या उन्हाळ्यात आपला संघ फायनलपर्यंत गेला ना. रविवार वाढले."

फिंटनने गडग्याकडे पाहिलं. त्यातला प्रत्येक दगड त्याने स्वतः उचलून ठेवला होता. "एका शब्दाने सांगितलं नाहीस," तो म्हणाला. "सात वर्षं मी मूर्खासारखा दगड रचत बसलो."

मलाकीने नाक पुसलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा शेजाऱ्याशी बोलला.

"तसं नको म्हणूस, फिंटन. गडगा तीन फुटी होता, तेव्हा आम्ही दोघं बसतो ते बाकडं तुझ्या गोठ्यातून दिसायचं."